कोठार गावाचे, बियाणे घरचे

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या. काढणीला आलेले सोयाबीन कुजले आणि कित्येक शेतांतली मातीच खरडून गेली. दुष्काळी गावे आणि पूरग्रस्त गावे अशा वेगळ्या याद्या आता करता येत नाहीत. म्हणून आम्ही, मराठवाड्यातील आणि सीना नदीकाठची शेतकरी, शेतमजूर व ऊसतोड कुटुंबे, ही चळवळ सुरू करत आहोत. संकट येण्याआधीच गावाचे अन्न आणि बियाणे गावाच्या हाती असले पाहिजे, ही आमची मागणी आहे. ती आम्ही सर्वांत आधी स्वतःकडे करतो.

१९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि परदेशी मिलो खाऊन माणसे जगली. त्या काळातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमी उभी राहिली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनचे धान्य हक्काचे झाले. हे हक्क आम्ही कदापि सोडणार नाही. पण रेशनवर प्रामुख्याने गहू-तांदूळ येतो आणि आमच्या ताटातली भाकरी आमच्याच शिवारातून हद्दपार होत चालली आहे. सोयाबीनने रोख पैसा दिला, हे खरे. मात्र भाव पडला तर ते घरात शिजवून पोट भरत नाही आणि जनावराला कडबाही मिळत नाही. मग चारा छावणीची वाट पाहावी लागते.

चळवळीतील प्रत्येक शेतकरी कुटुंब आपल्या जमिनीचा एक तुकडा खाण्याच्या पिकांसाठी राखेल: खरिपात तूर, मूग, बाजरी, रब्बीत मालदांडी ज्वारी. सुगीला त्यातले एक माप गावाच्या कोठारात पडेल. ज्यांना जमीन नाही, त्यांच्याकडे माप मागितले जाणार नाही.

हे कोठार उघडायचे ते श्रावण-भाद्रपदात. तेव्हा जुने धान्य संपलेले असते, नवे आलेले नसते आणि ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेण्याचा मोह घरात शिरतो. घेतले तेवढेच परत करायचे, सवाई-दिढी नाही. पीक बुडाले तर परतफेड पुढच्या सुगीला. पूर आला, तर पहिले माप सखल भागातल्या वस्तीला जाईल. तिथे कोण राहते आणि का राहते, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

जुनी पेवे आम्हाला प्रिय आहेत, पण आता ती खणणार नाही. एका रात्रीच्या ढगफुटीत जमिनीखालचे धान्य सडेल. कोठार उंच जोत्यावरच हवे. बियाणे मात्र एकाच गावी ठेवायचे नाही: नदीकाठच्या गावाने आपला निम्मा साठा माळावरच्या गावात ठेवावा. म्हणजे वाहून गेलेल्या शिवारात पुन्हा पेरायला वाण उरेल. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बँक उभी करून हे काम बाया किती नेटाने करतात ते दाखवून दिले आहे. राख आणि कडुलिंबाचा पाला घालून बी जपणारी बाई सातबाऱ्यावर नसते, म्हणून पीक गेले तरी भरपाई तिच्या खात्यावर येत नाही. आमच्या कोठाराच्या किल्ल्या आणि हिशेब बायांकडेच राहतील, आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागावे यासाठी आम्ही प्रत्येक घरात भांडू.

सरकारकडे आमचे मागणे मोजके आहे. रेशनसाठी ज्वारी जिल्ह्यातच, हमीभावाने खरेदी करा आणि ती जिल्ह्यातच वाटा. पंचनाम्यात पिकाबरोबर घरातले साठवलेले धान्य व बियाणेही नोंदवा. माती वाहून गेलेल्या शेतात गाळ-माती भरण्याचे काम रोजगार हमीतून द्या.

ज्या गावाला सामील व्हायचे असेल, त्याने ग्रामसभेत ठराव करावा. त्याआधी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गावातली अशी जागा शोधावी, जिथे आजवर कधी पाणी चढले नाही. कोठाराचे जोते तिथेच बांधायचे आहे.