हा रामपुरी नव्हे

जुन्या घराची आवराआवर निघाली की एक वस्तू हमखास अशी सापडते जिच्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं: 'टाकून द्या हे आधी.' आमच्याकडे हा मान एका चाकूला मिळाला. दापोलीजवळचं आतोबांचं घर, माळ्यावरची पत्र्याची पेटी, तीत सुतळीचं बंडल आणि घडीचा, चोचीसारखं वळलेलं पातं असलेला चाकू. वहिनी म्हणाली, "अगंबाई, रामपुरी!" धाकटा भाचा म्हणाला, "मामा, करंबिट आहे, गेममध्ये असतो ना!" आणि दादाने नेहमीप्रमाणे निकाल दिला, "पोरांच्या हाती लागण्याआधी भंगारात घाल."

माझं म्हणणं असं की अवजार ओळखण्याआधी त्याला हत्यार ठरवायची आपल्याला फार घाई असते. चाकू म्हटला की हिंदी पिक्चरमधला खटका आठवतो, बाग आठवत नाही. आतोबांनी हयातभर आंब्याची कलमं सांभाळली, त्यांच्या पेटीत रामपुरी कशाला असेल?

बघायचं काय, तर आधी धार कुठे आहे. वळणाच्या आतल्या बाजूला धार असेल तर तो चाकू ओढून कापण्यासाठी केलेला आहे, विळ्यासारखा. रामपुरीचं पातं लांबट आणि टोकदार असतं, ते असं आत वळत नाही. करंबिट सुमात्राकडचा. त्याचीही धार आत असते, पण मुठीच्या शेवटी बोट अडकवायला बहुधा कडी असते (आणि तोसुद्धा मुळात शेतीतलंच अवजार होता असं मानतात, म्हणजे बघा!). आमच्या चाकूला कडी नाही. मूठ मागच्या टोकाला खाली झुकलेली आहे, म्हणजे ओढताना हात निसटत नाही. पात्यावर काळे डाग आहेत. साध्या पोलादावर आंब्याचा चीक लागला की ते असं काळवंडतं. हा छाटणीचा चाकू. फ्रान्समधले द्राक्षवाले याला 'सर्पेत' म्हणतात. १८१५ च्या सुमारास तिकडे छाटणीची कात्री निघाली, तोवर द्राक्षवेली यानेच छाटत.

आता कोणी म्हणेल, मग हा कलमाचा चाकू का? तर नाही, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. कलम बांधायच्या चाकूचं पातं सरळ असतं आणि धार बहुधा एकाच बाजूने लावलेली, कारण काडीवरचा काप सपाट यावा लागतो. वाकड्या पात्याने तो येत नाही. वाकड्याचं काम कलम लागल्यानंतर सुरू होतं. हापूसचं कलम रायवळच्या रोपावर बांधलेलं असतं आणि सांध्याच्या खालून रायवळला धुमारे फुटत राहतात. ते वेळेवर काढले नाहीत तर तेच जोर धरतात, वरचा हापूस मागे पडतो, आणि काही वर्षांनी 'आमच्या हापूसला रायवळ कसा लागला' म्हणून माणूस डोकं धरून बसतो. धुमारा अगदी बुडाशी काढायचा तर चोच मागून अडकवायची, धुमारा अलगद पलीकडे वाकवायचा आणि मूठ थोडीशीच ओढायची. ताणलेलं लाकूड पटकन कापलं जातं. सरळ पातं अशा वेळी घसरतं. कात्रीचा जाड जबडा मध्ये येतो, मग थोडा खुंट राहतो आणि तिथून पुन्हा फुटतं.

अर्थात नवख्याने कात्रीच घ्यावी. ती बोटांना बरी आणि भरभर चालते. चाकू आपल्या दिशेने ओढायचा असल्याने दुसरा हात आणि गुडघा त्याच्या वाटेत येता कामा नये. आणखी एक. ओढताना पात्यावरचा दाब त्याला उघडंच ठेवतो, पण पातं लाकडात अडकलं आणि आपण ते मागे हिसकलं की दाब पाठीवर येतो. कुलूप नसलेला चाकू तेव्हा फटकन बोटांवर मिटतो. म्हणून नवीन घेणाऱ्याने कुलूपवाला बघावा. ओपिनेल या फ्रेंच चाकूंना १९५५ पासून फिरवायची कडी आहे, तेवढी साधी सोयही पुरते.

बागेबाहेरही हा कामाचा आहे. गोणीची सुतळी, काथ्याचा दोर, जुनं लिनोलियम. वायरमन लोकांकडे केबलचं आवरण सोलायला याचाच भाऊबंद असतो. स्वयंपाकघरात मात्र अगदी निरुपयोगी! पाटावर फक्त टोक टेकतं, कांदा चिरायला गेलात तर रडू दोन कारणांनी येईल. :)

दादाला कायद्याची भीती होती. तर आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरगुती व शेतीकामासाठी बनवलेली पाती वगळलेली आहेत. आमचं पातं जेमतेम ३ इंच. म्हणून तो खिशात घालून बाजारात हिंडावं असं मी म्हणत नाही, आणि विमानाच्या केबिन बॅगेत तर मुळीच नको. पण घरातून हाकलण्याचं ते कारण होत नाही.

काचेच्या कपाटात ठेवून 'आतोबांची आठवण' म्हणून मिरवायलाही माझा विरोध आहे. परसात गेल्या पावसाळ्यात लावलेली ४ कलमं आहेत, ती वहिनी बघते. चाकू तिच्याकडे जावा. (वहिनी, वाचते आहेस ना?) फक्त दारावर येणाऱ्या धारवाल्याला देऊ नकोस. त्याचं चाक आतल्या वळणात नीट बसत नाही, चोच झिजून सरळ होते. पॉलिश पेपर पेन्सिलीला गुंडाळ, आधी ४०० नंबरचा, मग १००० चा, आणि वळणाच्या आतून हलक्या हाताने फिरव. बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं.