गिअरबॉक्स दुरुस्त करायचा की बदलायचा? आधी भागाकार करा, मग ठरवा

अर्धापूरच्या बागेतून केळी भरून गाडी उत्तर भारताच्या वाटेला लागली आणि उमरखेडच्या पुढे चालता चालता गिअर सुटू लागला, तर मालकाची झोप उडते. केळी थांबत नाहीत, व्यापारी थांबत नाही आणि महिन्याचा हप्ताही थांबत नाही. अशा घाईत गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न असतो, "स्वस्तात काय पडेल?" आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. "ही गाडी मी अजून किती महिने चालवणार आणि त्या प्रत्येक महिन्याला मला किती पडेल?" हे आधी विचारायला हवे.

अर्धापूर तालुक्यात केळी आहे, हळद आहे आणि भाऊराव चव्हाण साखर कारखान्यामुळे उसाची वाहतूकही आहे. शेताच्या चिखलातून भरलेली गाडी बाहेर काढताना पहिला आणि रिव्हर्स गिअर सतत लागतो. त्यानंतर तीच गाडी तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ महामार्गावर शेकडो किलोमीटर पळते. अशा वापरात गिअरबॉक्स कधीतरी बोलणारच. पण तो काय बोलतोय, हे नीट ऐकायला हवे.

दोष खरंच गिअरबॉक्सचा आहे का?

इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, पण बंद केल्यावर सहज पडतो, तर आधी क्लच पाहा. क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता जास्त. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर संशय गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग तपासा. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल, तर दोष बहुधा त्याच जोडीत. गिअर सुटत असेल तर पेटी खोलण्यापूर्वी लिव्हरची जोडणी आणि गिअरबॉक्सचे माउंटिंग पाहून घ्या.

त्यानंतर ऑईल काढा. मॅग्नेट प्लगवर राखाडी भुकटी दिसणे नेहमीचे आहे. लोखंडाचे तुकडे किंवा दाताचा टवका दिसला, तर गाडी पुढे नेऊ नका. ऑईल दुधाळ झाले असेल तर आत पाणी गेले आहे. एवढी तपासणी न करता जो मिस्त्री थेट "पेटी बदला" म्हणतो, त्याच्याकडून दुसऱ्या गॅरेजला जाणे शहाणपणाचे.

तीन पर्याय

पहिला पर्याय दुरुस्तीचा. पेटी खोलून बेअरिंग, सिंक्रो रिंग, ऑईल सील आणि खराब झालेले गिअर बदलायचे. हाउसिंगला तडा नसेल, मेन शाफ्ट आणि काउंटर शाफ्ट चांगले असतील, तर हाच मार्ग योग्य.

दुसरा पर्याय रिकंडिशन पेटीचा. जुनी जमा करून कंपनीने नव्याने तयार केलेली पेटी घ्यायची. टाटा मोटर्सची 'प्रोलाइफ' ही अशीच अदलाबदलीची योजना आहे. यात वॉरंटी मिळते आणि गाडी लवकर रस्त्यावर येते. शाफ्ट आणि एकाहून जास्त गिअर गेले असतील, तर आधी याचा भाव विचारा. अगदी नवी पेटी बसवणे मात्र वयाने लहान गाडीलाच परवडते.

तिसरा पर्याय भंगार बाजारातल्या पेटीचा. दिसायला सर्वांत स्वस्त, पण आत काय आहे हे कोणालाच माहीत नसते. ती घ्यायचीच असेल तर खोलून पाहा आणि पक्के बिल घ्या. बिल नाही, तर माल कुठून आला हेही कळत नाही.

आता भागाकार

एक हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. समजा, दुरुस्तीला ४५ हजार लागतात आणि गाडी ६ दिवस उभी राहते. दिवसाला ४ हजारांचे भाडे बुडते, म्हणजे खरा खर्च ६९ हजार. रिकंडिशन पेटी ९० हजारांना, पण २ दिवसांत बसते. तिचा खरा खर्च ९८ हजार.

दुरुस्ती दीड वर्ष आणि रिकंडिशन पेटी तीन वर्षे टिकेल असे धरले, तर दुरुस्ती महिन्याला सुमारे ३,८०० रुपयांना पडते आणि पेटी २,७०० रुपयांना. म्हणजे महाग दिसणारा पर्याय स्वस्त ठरला.

पण गाडी वर्षभरात विकायची असेल तर? दोन्ही रकमांना १२ ने भागा. दुरुस्ती ५,७५० आणि पेटी जवळपास ८,२००. उत्तर उलटले! गाडी तीच, बिघाड तोच, फक्त महिने बदलले. म्हणून शेजारच्या मालकाने काय केले, हे विचारून निर्णय घेऊ नये.

महिने मोजताना गाडीचे वय धरा. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावी लागते. चेसिस गंजली असेल, इंजिन ऑईल पीत असेल, तर त्या गाडीत महागडी पेटी घालणे म्हणजे पडक्या घराला सागवानी दार. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, सुट्या भागांवरही आता सरसकट १८ टक्के आहे. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचा भावही दबतो, हे हिशेबात असू द्या.

खर्च वाढवणाऱ्या चुका

बंद पडलेली गाडी चाके जमिनीवर ठेवून अर्धापूरहून नांदेडला ओढून नेताना प्रोपेलर शाफ्ट खोलला नाही, तर मेन शाफ्ट फिरत राहतो. इंजिन बंद असल्याने काउंटर शाफ्ट फिरत नाही आणि ऑईल वर उडत नाही. थोड्या दुरुस्तीची पेटी त्या वीसेक किलोमीटरमध्ये जळू शकते. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडली, तरी हेच होते.

विम्याची आशाही धरू नका. नेहमीच्या वाहन विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड भरून मिळत नाही. एक गोष्ट मात्र सोपी आहे. आरसीवर चेसिस आणि इंजिन क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे त्याच मॉडेलची पेटी बदलल्यास आरटीओत नोंद करावी लागत नाही.

"एवढी खेप मारू, मग बघू"

सर्वांत महाग पडते ते हेच वाक्य. एक बेअरिंग आज बदलले नाही, तर शाफ्ट हलतो, दात एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि महिनाभरात सगळी पेटी जाते. आणि मामला फक्त पैशांचा नाही. भरलेली गाडी उतारावर असताना गिअर सुटला, तर इंजिनची ओढ संपते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तापलेले ब्रेक धरत नाहीत. तेव्हा केबिनमध्ये ड्रायव्हर आणि क्लीनर असतात, समोर दुचाकीवरचे एखादे कुटुंब असते.

तेव्हा गिअर सुटू लागला की भाडे घेऊ नका. पेटी खोलून घ्या, झिजलेले भाग स्वतः डोळ्यांनी पाहा, लेखी अंदाजपत्रक मागा आणि महिन्यांनी भागा. एक खेप गेली तर पुढची मिळते.