नुकसान झाले म्हणजे कुत्रे कोणाचे?

कुत्री पाळण्याची हौस आमच्या शहरांतून दिवसेंदिवस वाढत आहे, आणि तीस आमची हरकत नाही. घराची राखण, मुलांची सोबत आणि वृद्धांचा विरंगुळा ही तिन्ही कामे हा मुका प्राणी इमानाने करतो. परंतु ह्या हौसेबरोबर येणारी जबाबदारी पत्करण्याचा प्रसंग आला, म्हणजे सुशिक्षित म्हणविणारे गृहस्थही कसे अंग काढून घेतात, हे पाहण्यासारखे असते. फाटक उघडे राहते, कुत्रे रस्त्यावर धाव घेते, त्यास वाचविण्याकरिता चालक चाक फिरवितो आणि मोटार दुभाजकावर आदळते. किंवा उभ्या मोटारीखाली मांजर शिरले म्हणून कुत्रे तिचा रंग ओरबाडून काढते व खालच्या तारा तोडते. क्षणापूर्वी ज्यास लाडक्या नावाने हाका मारल्या जात होत्या, ते कुत्रे त्या क्षणापासून ‘गल्लीतले’ ठरते!

हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. ज्याची मोटार केवळ सोयीची, तो झालेला खर्च यथावकाश विसरेल. पण टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याची गाडी आठ दिवस दुरुस्तीस पडली, तर त्याची आठ दिवसांची कमाई बुडते आणि दुरुस्तीचा भुर्दंड निराळाच बसतो.

‘विमा आहे ना!’ हे उत्तर अशा वेळी हटकून मिळते. ते फसवे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा त्रयस्थांच्या नुकसानीपुरता आहे. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीस त्यातून एक पैही मिळत नाही. अधिक हप्ता भरून ज्याने सर्वंकष विमा उतरविला, त्यास रक्कम मिळते खरी. परंतु भरपाई मागताच त्याची हप्त्यातील सूट बुडते. ही सूट बिनमागणीच्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के असून पुढे ५० टक्क्यांपर्यंत चढते. म्हणजे फाटक उघडे ठेवले एकाने आणि हप्ता वाढला दुसऱ्याचा! असल्या न्यायास न्याय कोण म्हणेल?

फौजदारी कायदा येथे फारसा उपयोगी नाही. जुन्या दंड संहितेचे २८९ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९१ वे झाले आणि दंडाची मर्यादा १,००० वरून ५,००० रुपयांवर गेली. तथापि ते कलम मनुष्याच्या जिवास वा जबर दुखापतीस असलेल्या धोक्याविषयी बोलते. चेपलेल्या पत्र्याविषयी नव्हे. तेव्हा दिवाणी न्यायालय व निष्काळजीपणाचे तत्त्व एवढाच मार्ग उरतो.

हे तत्त्व आपण ज्या इंग्लंडपासून घेतले, तेथेही फार काळ धन्यास झुकते माप मिळत होते. भटकणाऱ्या घोड्यावर आदळून एक सायकलस्वार जखमी झाला असता, जनावर रस्त्यावर येऊ नये म्हणून कुंपण राखण्यास जमीनमालक बांधलेला नाही, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने १९४७ साली दिला. रस्ते निवांत होते त्या काळातला हा नियम. वाहने वाढल्यावर तो टिकणे शक्य नव्हते, आणि १९७१ च्या प्राणीविषयक कायद्याने तो काढून टाकला. इंग्लंडने टाकून दिलेली ती समजूत आमच्या गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत मात्र अद्याप सुखाने नांदत आहे!

आमचे मत स्पष्ट आहे. ज्याने कुत्रे पाळले व सुटे सोडले, त्यानेच भरपाई द्यावी. चालक भरधाव वा बेसावध असेल, तर त्याच्या दोषाइतका वाटा त्याने सोसावा. जे कुत्रे खरोखर कोणाचेच नाही, त्याचा भार नगरपालिकेवर आहे. कारण २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे त्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांस मूळ जागी सोडण्याचे काम तिच्याकडेच आहे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ साली, मोकाट जनावरांमुळे झालेल्या इजेची भरपाई प्रथम राज्याने द्यावी आणि मग कसूर करणाऱ्याकडून वसूल करावी, असे ठरविले. ते माणसांच्या इजेविषयी असले, तरी त्यातील न्याय मालाच्या नुकसानीसही लागू पडण्याजोगा आहे. मात्र दयाबुद्धीने भाकरीचे दोन तुकडे टाकणाऱ्यास कोणी धनी ठरवू नये. तसे झाले तर दयेलाच दंड बसेल.

धनी नाकबूल झाला, म्हणजे लोकांचा राग शेवटी मुक्या प्राण्यावर निघतो, हेही विसरता कामा नये. कोठे दगड, कोठे विष! वस्तुतः प्राण्यास विष घालून मारणे हा न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाने पाच वर्षांपर्यंत कैदेस पात्र असा अपराध आहे. तेव्हा धन्यास जबाबदार धरणे हे मोटारवाल्याच्या जितके हिताचे, तितकेच कुत्र्याच्याही हिताचे आहे.

ह्यास्तव आमच्या सूचना तीन. मुंबई-पुण्यात कुत्र्यास परवाना लागतो, पण तो कित्येकदा कागदावरच राहतो. परवान्याबरोबर कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप बसविण्याची सक्ती व्हावी, म्हणजे ‘हे आमचे नव्हे’ म्हणण्यास जागा उरणार नाही. त्याच वेळी कुत्र्याकडून होणाऱ्या नुकसानीचा माफक विमा धन्याने उतरवावा. आणि लहान रकमांचे असे तंटे कोर्टाची पायरी न चढता मिटावेत, म्हणून प्रत्येक प्रभागात तडजोडीची सोय असावी.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. स्वतःच्या खर्चापुरते ते खरे असेल. पण आपल्या हौसेपायी झालेल्या दुसऱ्याच्या नुकसानीस मोल असते, आणि ते बिनतक्रार मोजणारासच धनी हे नाव शोभते.