इतकं शिकूनही?

वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी कराटेच्या वर्गात नाव घातलं. शाळेचा हॉल, आम्ही अकराजणी. मनगट धरलं तर हात समोरच्याच्या अंगठ्याकडे फिरवून सोडवायचा, पकड तिथेच कच्ची असते, हे चटकन जमलं. पण ठोसा मारताना पोटातून 'किआय' ओरडायचं, ते काही केल्या जमेना. 'हळू बोल' ऐकत वाढलेल्या आम्ही!

आठ महिन्यांनी भरल्या बसमध्ये एकाने मागून अंग घासलं आणि मी दगडासारखी उभी राहिले. वर्गात सांगितलं, तर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, इतकं शिकूनही?"

हे मला त्या माणसाच्या स्पर्शापेक्षा जास्त लागलं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमतीच, असं मानून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघा पोलिसांना सोडलं. आपण रस्त्यावर उतरलो, १९८३ साली कायदा बदलला. आणि आता तोच प्रश्न आपणच एकमेकींना विचारायचा?

स्वसंरक्षणाची शिबिरं जरूर घ्या. पण हात उचलला गेला नाही तरी दोष तुझा नाही, हे मुलींना पहिल्या दिवशीच सांगा. शिवाय आमच्या वर्गातला हल्लेखोर नेहमी अंधाऱ्या गल्लीतला, अनोळखी. नवरा, काका, साहेब यांच्यावरचा डाव कुणी शिकवतच नाही.

वर्ग मी सोडलेला नाही. किआय आता जमतं. मागच्या आठवड्यात शेजारच्या इमारतीतून आवाजाची तक्रार आली.