पाप सर्वांचें, मग दंड कुणब्यालाच कां?

पाप हा शब्द कानावर पडला कीं आपण खेड्यांतलीं माणसें लगेच मान खालीं घालतों. पाऊस गेला, बैल मेला, पोर दगावलें, कीं कोणी तरी येऊन सांगतो, हें तुमच्या पापाचें फळ. आणि आपण मुकाट्यानें कनवटीची गांठ सोडतों. ही खोड एकट्या आपल्याच मुलखाची नव्हे. जर्मनींतल्या कुणब्यांनाही ती लावलेली होती. पण १५२५ सालीं त्यांनीं या पापाचा हिशेब उघड मागितला. ती हकीकत तुमच्या घरांत वाचली जावी म्हणून हा लेख.

ख्रिस्ती धर्माची शिकवण अशी कीं, मनुष्यमात्र पापी आहे. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत यहुदी आणि परके या दोघांनाही एकाच रांगेंत उभें केलें आहे. पुढें आफ्रिकेंतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) यानें हें पाप आदामापासून वारशानें येतें असें मांडलें. बापाचें कर्ज मुलाच्या नांवावर चढविणारा हा सावकारी न्याय मला पटत नाहीं. पण तो वाद बाजूला ठेवूं. सर्व पापी म्हणजे सर्व पापी! त्यांत पोप आला, राजा आला, सावकारही आला. आणि शेवटच्या न्यायाच्या दिवशीं काय विचारलें जाणार? मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय पहा. भुकेल्यास अन्न दिलें काय, उघड्यास वस्त्र दिलें काय, आजाऱ्याला व बंदिवानाला भेटलास काय, एवढेंच! तेथें कूळ विचारीत नाहींत, गादी विचारीत नाहींत. तराजू तर सरळ आहे. तो धरणाऱ्यांनीं काय केलें तें ऐका.

आल्ब्रेख्त नांवाच्या बड्या घरच्या धर्माधिकाऱ्यानें माइंत्सची गादी मिळविण्यासाठीं फुगर सावकाराकडून कर्ज काढलें. तें फेडण्यासाठीं पोपच्या संमतीनें पापाच्या माफीच्या चिठ्ठ्या विकण्यांत आल्या. अर्धा पैसा रोममधील सेंट पीटरच्या देवळास, अर्धा फुगरच्या वसुलीस! गरिबानें मेलेल्या आईबापांच्या यातना कमी व्हाव्या म्हणून पेटींत नाणें टाकावें, आणि तें सावकाराच्या तिजोरींत जावें! १५१७ सालीं मार्टिन ल्यूथरनें ९५ मुद्दे मांडून या बाजारावर कोरडा ओढला. त्याचें हें श्रेय त्याला दिलेंच पाहिजे.

कुणब्यांना वाटलें, आतां तराजू सरळ झाला. मार्च १५२५ मध्यें मेमिंगेन गांवीं त्यांनीं बारा कलमें तयार केलीं. तीं लिहिण्यांत सेबास्टियन लोत्सर या केसाळ कातडीचे कपडे शिवणाऱ्या कारागिराचा मोठा हात होता. मागणें काय? आमचा उपदेशक आम्हीं निवडावा. धान्याच्या दहाव्या हिश्शांतून त्याचें पोट भरून उरेल तें गरिबांस द्यावें. घरधनी मेल्यावर विधवेच्या व पोरांच्या तोंडचा घांस धन्यानें ओढूं नये. ख्रिस्तानें गुराख्याला आणि राजाला सारख्याच मोलानें सोडविलें, तर आम्ही कोणाचे गुलाम कां? आणि शेवटचें कलम असें कीं, यांतलें कांहीं शास्त्राविरुद्ध ठरवून दाखवा, आम्ही तें मागें घेतों. याहून नम्र बोलणें कोणतें?

ल्यूथरनें आधीं जमीनदारांनाही दोष दिला. पण गुलामगिरीच्या कलमावर तो म्हणाला, ही मोकळीक आत्म्याची आहे, देहाची नव्हे. वाहवा! पाप आत्म्याचें, मोकळीक आत्म्याची, आणि वेठ मात्र देहाची! पुढें दंगे पेटले. कुणब्यांच्या हातूनही रक्त सांडलें, तें मी लपवीत नाहीं. मग मे महिन्यांत ल्यूथरनें राजेलोकांस लिहिलें कीं, या बंडखोरांस कापून काढा. त्यांनीं तेंच केलें. त्या बंडांत ७०,००० ते १,००,००० माणसें मेलीं असा अंदाज आहे. प्रशियांत तर कुणब्याची गुलामगिरी मोडण्याचा हुकूम निघण्यास १८०७ साल उजाडलें.

माणसें पापी आहेत म्हणून तलवार हवी, असें ल्यूथरचें म्हणणें होतें. ठीक आहे. पण तलवार धरणारा हात कोणाचा? तोही पापी माणसाचाच ना! मग त्याच्यावर कोणाची तलवार? या प्रश्नाला १५२५ सालीं उत्तर मिळालें नाहीं. मिळाला तो घाव.

कोणी म्हणेल, ही शिकवण माणसास नम्र करते. करूं द्या! पण आधीं गादीवरच्यास नम्र करून दाखवा. कुणबी जन्मापासून वाकलेलाच आहे.

म्हणून बांधवहो, पाद्री असो, भटजी असो कीं मुल्ला असो, पापाची वही घेऊन कोणी दारीं आला, तर त्याला हाकलूं नका. पाणी द्या, बसवा, आणि एवढेंच विचारा, महाराज, या वहींत आपलें स्वतःचें नांव कोणत्या पानावर आहे? पान दाखवील त्याचें ऐका. वही मिटील त्याला वाटेस लावा.

— एक खेडेगांवचा शाळामास्तर