भाव हवाच, आधारही हवा

वऱ्हाडात मनाच्या आजाराचा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला असतो : "कापसाले भाव द्या, कर्ज माफ करा; समुपदेशन कायले पाहिजे?" आक्षेप उथळ नाही. अमरावती-अकोल्याचा कोरडवाहू शेतकरी बोंडअळी, सावकार आणि पडलेला भाव यांच्यात पिचला आहे. भावाचा प्रश्न टाळून शासन त्याच्या हाती नुसता हेल्पलाइनचा नंबर ठेवत असेल, तर त्याचा संताप रास्तच आहे.

पण त्यावरून मनाचा उपचारच नको, हा निष्कर्ष निघत नाही. नापिकी सगळ्या गावावर येते, अंथरूण मात्र काहीच जण धरतात. ज्याची झोप उडाली आहे, ज्याला माणसांत बसवत नाही, तो कर्जमाफीचा अर्ज भरायलाही उठत नाही. शिवाय स्किझोफ्रेनिया बाजारभाव विचारून येत नाही. बाळंतपणानंतर खचलेली सून आणि स्पर्धा परीक्षांत वर्षे घालवलेला पोरगा यांचे दुखणे कोणत्या कर्जमाफीत बसवणार?

दुसरा आक्षेप : डॉक्टरच नाहीत, मग उपचार कुठून आणणार? राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, पुणे, रत्नागिरी, नागपूर. अकोल्याहून त्यातल्या त्यात जवळचे नागपूर, तेही सुमारे अडीचशे किलोमीटर. मात्र डॉक्टर येईपर्यंत काहीच होत नाही, हे अमरावती जिल्ह्यानेच खोटे ठरवले आहे. इथल्या 30 गावांत 'संगाथ' आणि सहकारी संस्थांनी 'विश्राम' प्रकल्प राबवला. साध्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवले, त्यांच्या पाठीशी समुपदेशक ठेवले आणि गरज पडेल तिथे मानसोपचारतज्ज्ञ. 2013 च्या अखेरीस नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचलेले होते 4.3 टक्के, दीड वर्षाने झाले 27.2 टक्के. आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतली नव्हती, म्हणून सगळे श्रेय प्रकल्पाचेच असे म्हणता येणार नाही. तरीही गावातला माणूस दारात आला की लोक बोलतात, उपचार घेतात, एवढे यातून नक्की दिसते.

तिसरा आक्षेप कुजबुजीत येतो : "बाहेरचं लागलंय, दवाखान्यात काय होणार?" नवस बोला, अंगारा लावा; भांडण श्रद्धेशी नाही, साखळीशी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे.

कुष्ठरोग्याला गाव वेशीबाहेर काढत होते, तेव्हा याच अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले. त्या काळी वेगळी वसाहत हाच मोठा आधार होता. मनोरुग्णासाठी आज त्याच्या पुढे जायला हवे. समाजातच राहण्याचा हक्क त्याला 2017 च्याच कायद्याने दिला आहे. त्यामुळे त्याचे तपोवन त्याच्याच गावात, त्याच्याच ओट्यावर व्हायला हवे.

त्यासाठी दयेची भाषा सोडून हक्काची भाषा धरली पाहिजे. ग्रामीण रुग्णालयात मनोविकाराची औषधे खंड न पडता मिळाली पाहिजेत. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर जिल्ह्यातल्या अन्य ठिकाणच्या उपचाराचा खर्च शासनाने सोसावा, असे तोच कायदा सांगतो. तो खर्च वसूल केला पाहिजे. घरोघरी जाण्याचे काम आशाताईवर टाकायचे तर तिला प्रशिक्षण आणि मोबदला दोन्ही द्या. रुग्णाच्या एकट्या आईचा अर्ज कचेरीत धूळ खातो. दहा घरे मिळून गेली की साहेबाला खुर्ची सरकवावी लागते. म्हणून रुग्णांचे आणि नातेवाइकांचे गट तालुक्या-तालुक्यात उभे राहिले पाहिजेत, आणि त्यात बोलायची पहिली पाळी रुग्णाची असली पाहिजे.

येत्या ग्रामसभेत कापसाच्या भावाचा ठराव मांडाल, तेव्हा त्याच कागदावर या मागण्याही लिहा. तोवर कुणी एकटे पडलेले दिसले, तर 14416 हा टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक त्याला नुसता सांगू नका. शेजारी बसून लावून द्या.