जकार्ता मोठे की टोकियो? उत्तर दडले आहे शहराच्या सीमारेषेत

जगातील सर्वाधिक लोकसंख्येचे शहर हा मान टोकियोकडून जकार्ताकडे गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक नागरीकरणविषयक २०२५ च्या अहवालानुसार इंडोनेशियातील या महानगरात सुमारे ४ कोटी २० लाख लोक राहतात. ढाका सुमारे ३ कोटी ७० लाखांसह दुसऱ्या, टोकियो सुमारे ३ कोटी ३० लाखांसह तिसऱ्या आणि दिल्ली चौथ्या स्थानी आहे. याच मालिकेतील २०१८ च्या अहवालात मात्र टोकियोची लोकसंख्या ३ कोटी ७० लाख आणि जकार्ताची अवघी १ कोटी ५ लाखांच्या आसपास होती. सात वर्षांत एखाद्या शहरात तीन कोटी माणसे येऊन राहत नाहीत. बदलली आहे ती मोजपट्टी.

पूर्वीच्या अहवालांत प्रत्येक देशाने स्वतः ठरवलेली शहराची व्याख्या ग्राह्य धरली जात असे. नव्या पद्धतीत प्रशासकीय सीमा बाजूला ठेवून भूपृष्ठाची एक चौरस किलोमीटरच्या चौकटींत विभागणी केली जाते. चौरस किलोमीटरमागे किमान १,५०० लोक असलेल्या सलग चौकटींची एकूण लोकसंख्या ५० हजारांहून कमी नसेल, तर तो सारा पट्टा एकच शहर मानला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी या पद्धतीला मान्यता दिली.

प्रशासकीय सीमांपुरते पाहिले, तर दोन्ही शहरे आश्चर्यकारकरीत्या सारखी आहेत. जकार्ताचे क्षेत्रफळ सुमारे ६६० चौरस किलोमीटर आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ कोटी ५ लाख ६२ हजार. टोकियोच्या मध्यवर्ती २३ प्रभागांचे क्षेत्रफळ सुमारे ६२८ चौरस किलोमीटर आणि त्याच वर्षीची लोकसंख्या ९७ लाखांहून थोडी अधिक. ‘टोकियो शहर’ नावाची नगरपालिका तर १९४३ मध्येच विसर्जित झाली. आजचे टोकियो हे प्रांताच्या दर्जाचे प्रशासन असून त्याच्या हद्दीत सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेकडील ओगासावारा बेटेही येतात. त्या बेटांना महानगर म्हणणे कोणालाही कठीण जाईल, पण कागदोपत्री ती टोकियोच.

खरा फरक आहे तो सीमेबाहेरच्या वस्तीत. जावा बेटावर भातखाचरे, कारखाने आणि दाट वस्त्या एकमेकांत मिसळलेल्या आहेत. या प्रकारासाठी अभ्यासकांनी ‘देसाकोटा’ हा शब्द रूढ केला. देसा म्हणजे गाव, कोटा म्हणजे शहर. ‘देश’ आणि ‘कोट’ हे आपले परिचित शब्दच त्यांच्या मुळाशी आहेत. बोगोर, देपोक, तांगेरांग आणि बेकासी या शेजारच्या भागांतील ही वस्ती जकार्ताला सलग जोडली गेल्यानेच आकडा चौपट झाला.

हा वाद केवळ क्रमवारीचा नाही. या सलग पट्ट्याचा कारभार जकार्ता, पश्चिम जावा आणि बांतेन अशा तीन प्रांतांत विभागलेला आहे. नद्या वरच्या प्रांतातून येतात आणि पूर जकार्तात येतो. नळाचे पाणी सर्वांपर्यंत न पोहोचल्याने घरे, इमारती व कारखाने भूजल उपसतात आणि त्यामुळे उत्तर किनाऱ्यावरील जमीन काही ठिकाणी अनेक मीटर खचली आहे. नुसांतारा ही नवी राजधानी उभारण्याच्या निर्णयामागील कारणांपैकी हे एक. परंतु सरकारी कार्यालये हलविल्याने चार कोटी लोकांची तहान हलत नाही.

टोकियोने हे संकट आधी अनुभवले आहे. तेथील कोतो प्रभागातील जमीन विसाव्या शतकात काही ठिकाणी चार मीटरहून अधिक खचली. १९५६ मध्ये औद्योगिक आणि १९६२ मध्ये इमारतींसाठीच्या भूजल उपशावर कायद्याने निर्बंध आले, पर्याय म्हणून तोने नदीचे पाणी आणले गेले आणि सत्तरच्या दशकात खचणे जवळपास थांबले. टोकियो परिसराचा कारभारही अनेक प्रांतांत वाटलेला आहे, परंतु पाणी आणि रेल्वे यांची आखणी प्रांतांच्या सीमा ओलांडून झाली. तेथील पहिला भुयारी रेल्वेमार्ग १९२७ चा, तर जकार्ताचा २०१९ चा. २०२४ च्या कायद्याने जकार्ता व परिसरासाठी समन्वय परिषदेची तरतूद झाली आहे. तिला निधी आणि अधिकार किती मिळतात, यावर पुढचे अवलंबून राहील.

भारतालाही हा प्रश्न लागू आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. ठाणे, कल्याण, नवी मुंबई धरून तीच १ कोटी ८४ लाख झाली. त्याच जनगणनेत देशभरातील ३,८९४ वस्त्या लोकसंख्या, घनता आणि बिगरशेती रोजगाराच्या निकषांवर शहरे ठरल्या, पण त्यांना नगरपालिकेचा दर्जा नव्हता. तेथील सांडपाणी आणि कचऱ्याची जबाबदारी बहुतांशी ग्रामपंचायतींकडेच राहिली. २०२७ च्या जनगणनेनंतर या यादीत आणखी किती नावे येतात आणि त्यांपैकी किती वस्त्यांना राज्य सरकारे नगरपालिका देतात, याकडे नगरनियोजनाच्या अभ्यासकांचे लक्ष असेल.